‘सर्व्हर डाऊन’चे गणित

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंबा हे गाव आहे. शहराला पाणी पुरविण्यासाठी संस्थानी काळात बांधलेला तलाव आणि मध्यवर्ती कारागृह या दोन गोष्टींमुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. एके काळी शहरापासून अलग असलेले हे गाव आता शहराला चिकटले असून, इतर कोणत्याही वाढत्या गावाप्रमाणे येथील नागरिकालाही उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयातील प्रवेश अशा प्रत्येक कामासाठी संगणकाच्या दारी जावे लागते. दहावी-बारावीचे निकाल लागले की या दारांशी रांगा लागतात आणि थोड्याच वेळात आतून परिचित शब्द ऐकू येतात : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ज्याने त्या दिवसाची मजुरी बुडविली आहे तोही निमूटपणे परत फिरतो. अवर्षणापुढे जसा इलाज चालत नाही तसाच याही गोष्टीपुढे चालत नाही, अशी लोकांची समजूत होऊन बसली आहे.

या समजुतीला तडा जावा असा प्रसंग २०२५ साली घडला. तोपर्यंत काही मोठ्या शहरांपुरती मर्यादित असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती त्या वर्षी सबंध राज्याला लागू करण्यात आली. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी उत्तीर्ण झाले. नोंदणीचा प्रारंभ २१ मे रोजी व्हावयाचा होता. परंतु त्या दिवशी संकेतस्थळच चालेना, आणि अखेर नोंदणी २६ मेपासून सुरू करण्यात आली. त्या दिवशी नेमके कोठे काय बिघडले हा संबंधित तंत्रज्ञांच्या तपासाचा विषय आहे. तथापि एक प्रश्न सामान्य नागरिकाने विचारण्यासारखा आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा आकडा आठ दिवस आधीच सर्वांना ठाऊक होता, नोंदणीचा दिवस शासनानेच ठरविला होता; मग दार उघडल्यावर किती माणसे येतील आणि इमारत तो भार सोसेल की नाही, हे आधी सांगता आले नसते काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘सांगता येते’ असे आहे. मोठ्या संगणकीय व्यवस्था भाराखाली कशा वागतील याचे भाकीत करणारे शास्त्र आज चांगले प्रौढ झालेले आहे. त्यातील मूलतत्त्वे शालेय गणिताच्या पलीकडची नाहीत. कळंब्याच्या चतुःसीमेत दिसणाऱ्या गोष्टींवरूनही ती समजावून घेता येतात.

सरासरीचा फसवा आधार

तलावाचा बांध घालणारा स्थापत्यविशारद वर्षाच्या सरासरी पावसावर सांडवा बेतीत नाही. पाऊस वर्षभर सारखा वाटून पडत नाही. तो दोन-चार दिवसांत कोसळतो, आणि बांध टिकावयाचा तो त्याच दिवसांत टिकावयाचा असतो. म्हणून सांडव्याची रुंदी सर्वांत मोठ्या संभाव्य पुरावरून ठरते. संगणकीय व्यवस्थेची आखणी करताना मात्र हा साधा विवेक अनेकदा सुटतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. साडेचौदा लाख विद्यार्थ्यांनी दहा दिवसांत अर्ज भरावयाचा आहे आणि प्रत्येकाला दहा पाने उघडावी लागतात असे धरू. एकूण मागण्या १ कोटी ४५ लाख होतात. त्या दहा दिवसांच्या चोवीस तासांवर सारख्या वाटल्या तर दर सेकंदाला सुमारे १७ मागण्या येतील. हा आकडा पाहून कोणताही अधिकारी निश्चिंत होईल. परंतु विद्यार्थी रात्री तीन वाजता अर्ज भरीत नाहीत. दार उघडण्याची घटका ठाऊक असल्यामुळे दहापैकी एक विद्यार्थी जरी पहिल्याच तासात आला, तरी त्या तासात १ लाख ४५ हजार विद्यार्थी साडेचौदा लाख मागण्या करतील. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ४०३. सरासरीच्या चोवीस पट! जी व्यवस्था सरासरीवर उभारली ती पहिल्या तासात कोसळणार हे भविष्य सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

कारकुनाच्या टेबलावरचा नियम

रांगांचे गणित हे मूळचे टेलिफोनचे गणित. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली या विषयावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती ग्राहकांसाठी किती तारा ठेवल्या म्हणजे कोणाला फार तिष्ठावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याच्या विचारातून पुढे जे शास्त्र वाढले त्याचा गाभा कोणत्याही कचेरीतील टेबलावर पडताळून पाहता येतो.

एका कारकुनाला एक अर्ज निकालात काढण्यास सरासरी तीन मिनिटे लागतात असे समजू. तासाला वीस अर्ज ही त्याची कमाल मर्यादा झाली. लोक मात्र ठरवून, ओळीने येत नाहीत. कधी एकदम चौघे येतात, कधी दहा मिनिटे कोणीच येत नाही. कामातही कमीअधिक होते. अशा स्थितीत तासाला दहा माणसे येत असतील तर रांगेतील थांबणे धरून प्रत्येकाची सरासरी सहा मिनिटे जातात. सोळा आल्यास पंधरा मिनिटे, अठरा आल्यास तीस मिनिटे आणि एकोणीस आल्यास पूर्ण साठ मिनिटे जातात. दहावरून सोळापर्यंत सहा माणसे वाढली तेव्हा नऊ मिनिटे वाढली. अठरावरून एकोणिसावर जाताना एकाच माणसाने सर्वांचा वेळ दुप्पट केला. विसावा आला की हिशेबच संपतो आणि रांग वाढतच राहते.

संगणकाच्या प्रोसेसरला, डेटाबेसला, संदेश वाहणाऱ्या तारेला हाच नियम लागू आहे. म्हणूनच ‘काल तर व्यवस्थित चालत होते’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. काल ती व्यवस्था ऐंशी टक्के व्यग्र असेल, आज पंचाण्णव टक्के असेल. बाहेरून फरक थोडा दिसतो, आत मात्र कडा ओलांडलेला असतो. यातून निघणारा दुसरा निष्कर्ष लेखापरीक्षकांना रुचणार नाही, तरी तो खरा आहे. यंत्राची काही शक्ती रिकामी दिसणे हा अपव्यय नव्हे. जे यंत्र सदैव शंभर टक्के कामात दिसते त्याच्या दाराशी नागरिक ताटकळत उभे असतात, आणि त्यांच्या बुडालेल्या वेळाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

आत अडकलेल्यांची संख्या

दुसरा नियम कळंब्याच्या कारागृहाच्या भिंतीकडे पाहून सुचावा असा आहे. एखाद्या कारागृहात दररोज सरासरी दहा माणसे दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी शंभर दिवस राहतो असे कल्पिले, तर आत सरासरी एक हजार माणसे असणार. गुन्हे वाढले नाहीत, दाखल होणाऱ्यांची संख्या दहाच राहिली, पण खटले रेंगाळून मुक्काम दीडशे दिवसांचा झाला, तर तीच संख्या दीड हजारांवर जाईल. येण्याचा वेग गुणिले मुक्काम म्हणजे आत असलेल्यांची संख्या, हा तो नियम. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची गणिती सिद्धता दिली.

संगणकाच्या बाबतीत या नियमाचा अर्थ गंभीर होतो. दर सेकंदाला ४०० मागण्या येत असून प्रत्येकीला उत्तर मिळण्यास दोन सेकंद लागत असतील, तर कोणत्याही क्षणी सुमारे ८०० मागण्या आत असतात. काही कारणाने डेटाबेस मंदावला आणि उत्तराला दहा सेकंद लागू लागले, तर बाहेरची गर्दी तेवढीच असूनही आतली संख्या ४,००० होते. व्यवस्थेची एका वेळी एक हजार मागण्या सामावून घेण्याचीच तयारी असेल तर उरलेल्यांना दारातूनच परत पाठविले जाते. परतलेला विद्यार्थी स्वस्थ बसत नाही. तो पुन्हा पुन्हा कळ दाबतो, आणि त्याची प्रत्येक कळ ही नवी मागणी ठरते. मंदपणातून गर्दी व गर्दीतून आणखी मंदपणा असे हे दुष्टचक्र आहे. सर्व्हर ‘पडतो’ तो बहुधा असा.

गव्हाण एकच असेल तर

कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला तिसरा नियम ऊस कारखान्याच्या उदाहरणाने लगेच पटेल. कारखान्यात वजनाचे काटे दोनाचे चार केले, आवार दुप्पट केले, तरी गव्हाण एकच असेल आणि गाळपाची क्षमता तेवढीच असेल, तर गाड्यांची रांग हटणार नाही. ती फक्त काट्यापुढून उठून गव्हाणीपुढे जाईल. व्यवस्थेचा वेग तिच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरतो.

संगणकीय भाकिताचे काम येथूनच सुरू होते. तंत्रज्ञ थोड्या वापरकर्त्यांवर चाचणी घेऊन एका मागणीला प्रत्येक भागाचा किती वेळ लागतो ते मोजतात. समजा, प्रोसेसरला २ मिलिसेकंद आणि माहिती साठविणाऱ्या डिस्कला ५ मिलिसेकंद लागतात. एका सेकंदात हजार मिलिसेकंद. म्हणजे प्रोसेसर कमाल ५०० मागण्या पेलेल, डिस्क मात्र २००च. गरज ४०३ मागण्यांची असताना प्रोसेसर कितीही वाढविले तरी २००ची मर्यादा ओलांडली जाणार नाही. डिस्क चौपट करून काम त्यांत सारखे वाटले तर तेथील मर्यादा ८०० होईल. पण आता प्रोसेसर ऐंशी टक्के व्यग्र होऊन तोच नवा अडथळा बनू पाहील. निविदा काढण्यापूर्वी कागदावर करता येण्याजोगा हा हिशेब आहे. तो केला नाही म्हणजे ‘शक्तिशाली सर्व्हर घेतले’ अशी घोषणा होते आणि पुढच्या वर्षी रांग तेथेच उभी असते.

अनेक भागांतून फिरणाऱ्या मागण्यांचे असे हिशेब १९५७ साली जेम्स जॅक्सन यांनी रांगांच्या जाळ्याचे गणित मांडल्यापासून होऊ लागले आणि १९८०पर्यंत ते साध्या संगणकावरही चटकन करण्याइतके सोपे झाले. आता तर दूरस्थ केंद्रांतील सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतात, तेव्हा या हिशेबाची गरजच काय, असे कोणी म्हणेल. परंतु जे काम वाटून देता येत नाही ते यंत्रे वाढवून वेगाने होत नाही, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखविले. एका नोंदवहीत एकाच ओळीवर दहा कारकुनांना एकाच वेळी लिहिता येत नाही. डेटाबेसमधील एकाच नोंदीसाठी दहा सर्व्हर खोळंबले तर त्यांचीही तीच गत. किंबहुना परस्परांशी मेळ घालण्यातच इतका वेळ जाऊ शकतो की अकरावे यंत्र आणल्यावर एकूण काम घटते.

ज्ञान घरचेच आहे

हे शास्त्र परदेशातून आणावे लागेल अशीही स्थिती नाही. मुंबईच्या आयआयटीतील संगणकशास्त्राच्या प्राध्यापक वर्षा आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८च्या सुमारास ‘पर्फसेंटर’ नावाचे साधन विकसित केले. कोणते सर्व्हर किती आहेत, कोणती आज्ञावली कोठे ठेवली आहे, एका मागणीचा प्रवास कसा होतो, हे त्यात वर्णन केले की गर्दीच्या वेळचा प्रतिसादकाल व प्रत्येक भागाची व्यग्रता यांचा अंदाज मिळतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधकांनीही थोड्या वापरकर्त्यांवरील चाचणीचे आकडे घेऊन हजारो वापरकर्त्यांच्या वेळी काय होईल याचे अनुमान करण्याच्या पद्धतींवर काम केले आहे.

आकडा आधी जाहीर करून त्याप्रमाणे व्यवस्था उभारल्याचे उदाहरणही देशात आहे. रेल्वेची इंटरनेटवरील तिकीटविक्री २००२ साली सुरू झाली आणि दशकभरात ती गर्दीने गुदमरू लागली. तेव्हा २०१३च्या रेल्वे अर्थसंकल्पात असे सांगण्यात आले की, मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली जाईल आणि एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० प्रवासी व्यवस्थेत राहू शकतील. पुढील वर्षी नवी व्यवस्था कार्यान्वित झाली. त्याहून मार्मिक उपाय २०१५ साली योजण्यात आला. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी दहाला आणि इतर वर्गांचे अकराला सुरू होऊ लागले. एक नवे यंत्र न घेता गर्दीचे शिखर दोन भागांत विभागले गेले. सगळ्या शिवारांचा ऊस एकाच दिवशी गव्हाणीवर येऊ नये म्हणून साखर कारखाने तोडणीचा कार्यक्रम आखतात. त्याच शहाणपणाचा हा अवतार होय. तत्काळ तिकिटासाठी आजही धडपड होते हे खरे. पण ती मुख्यतः जागा थोड्या असल्यामुळे होते, आणि क्षमतेचा आकडा लोकांसमोर असल्याने तिची चिकित्सा तरी करता येते.

माणूसही यंत्रणेचाच भाग

भाकीत करताना यंत्रांबरोबर माणसेही मोजावी लागतात. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावेत असे विद्यापीठ कायदा सांगतो. आता हिशेब असा : १७ लाख उत्तरपत्रिका ४५ दिवसांत म्हणजे दररोज सुमारे ३७,८०० झाल्या. एक प्राध्यापक दिवसाला तीस तपासतो असे मानले तर एकही सुटी न घेता रोज सुमारे १,२६० परीक्षक पडद्यासमोर बसले पाहिजेत. शिवाय स्कॅनिंग, वाटप व फेरतपासणी या पायऱ्याही त्याच वेगाने चालल्या पाहिजेत. प्रत्यक्षात कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, निकाल पुढे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. मधल्या काळात पदव्युत्तर प्रवेशासाठी खोळंबलेल्या विद्यार्थ्यांची स्थिती काय झाली असेल हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पद्धत मुळात चुकीची होती असे नव्हे. तिच्या प्रत्येक पायरीचा वेग आधी मोजून सर्वांत अरुंद जागा शोधणे आवश्यक होते.

अर्थात या शास्त्रालाही मर्यादा आहेत. लोक कसे वागतील याविषयीचे गृहीत चुकले तर गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. चाचणीत न दिसलेला दोष पहिल्याच दिवशी उघडा पडतो. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रात १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. परंतु अंदाज चुकू शकतो म्हणून तो करूच नये, असे पुराच्या बाबतीत कोणी म्हणत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापूरकराला पाठ असते. तो आकडा पुराला थांबवीत नाही. माणसे व गुरे वेळेवर हलविण्यास मात्र तो उपयोगी पडतो.

अशीच इशाऱ्याची रेषा लोकांच्या कामाच्या प्रत्येक संगणकीय व्यवस्थेला असली पाहिजे. तिच्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. निविदेतच स्पष्ट लिहावे की, सर्वाधिक गर्दीच्या तासात इतक्या मागण्या येतील आणि शंभरपैकी पंचाण्णव जणांना इतक्या सेकंदांत उत्तर मिळाले पाहिजे. दार उघडण्यापूर्वी त्या भाराची चाचणी व्हावी आणि तिचा निकाल जनतेपुढे ठेवावा. अर्जाच्या तारखा जिल्हावार अथवा आडनावाच्या आद्याक्षरानुसार विभागून द्याव्यात. अकरावीचा प्रवेश गुणांवर मिळतो, आधी येण्यावर नव्हे, हे पुरेशा ठळकपणे सांगितले तरी पहिल्या तासाची निम्मी घाई ओसरेल. व्यवस्था जितके तास बंद राहील तितक्या तासांची मुदतवाढ आपोआप मिळावी. तिच्यासाठी कोणाला निवेदन घेऊन जाण्याची वेळ येऊ नये.

हा आग्रह केवळ सोयीसाठी धरावयाचा नाही. ज्याच्या घरी संगणक व चांगली जोडणी आहे तो मध्यरात्री उठून अर्ज भरू शकतो. जिला सेवा केंद्राच्या दारात उभे राहावे लागते आणि जिच्या आईची त्यासाठी मजुरी बुडते, त्या मुलीला मात्र प्रत्येक ‘उद्या या’ची किंमत रोख मोजावी लागते. मंद यंत्राचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तो दुबळ्यावर अधिक पडतो. कचेरीतील कारकुनालाही आपल्या हातात नसलेल्या दोषासाठी रांगेचे बोल दिवसभर ऐकावे लागतात. दर सेकंदाला किती माणसे येतील आणि किती सामावतील या दोन आकड्यांची वजाबाकी आधी करून ठेवली, तर या दोघांचाही पुष्कळसा त्रास वाचेल. ती वजाबाकी कोणी केली आणि तिचे उत्तर काय आले, हे पुढच्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी शिक्षकांनी, पालकांनी व विद्यार्थ्यांनी शासनाला विचारले पाहिजे.